बारभाईंची गिटार

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी नि रविवारी गोणपाटावर वस्तू मांडून बसणाऱ्या माणसाला एकच घाई असते. वस्तू आपल्या नजरेआड व्हावी आणि गिऱ्हाइकाने ती उन्हात धरून पाहू नये. अशा माणसाशी व्यवहार करणं फार सुखाचं. तो पाचशे म्हणतो, आपण दीडशे म्हणतो, दोघंही मनातल्या मनात एकमेकांना लुच्चा ठरवतो आणि अडीचशेला पंखा घरी येतो. पंखा फिरत नाही, पण तो भाग वेगळा.

ज्याने मोडकी वस्तू स्वतःच्या हाताने, स्वतःच्या खर्चाने आणि घरच्यांच्या विरोधाला न जुमानता उभी केली आहे, त्याच्याकडून ती विकत घेणं हा मात्र व्यवहार नव्हे, श्रवणभक्ती आहे. तिथे पैसे सगळ्यात शेवटी द्यायचे असतात, आधी कान द्यायचे. त्याने त्या वस्तूवर केलेलं सगळं प्रेम मांडी घालून ऐकून घेतल्याशिवाय तो तिच्यावरचा हात उचलत नाही. आणि प्रेम जितकं खरं, तितकं ते तपशीलवार असतं.

माझ्या बाबतीत ती वस्तू होती एक जुनी बारा तारांची गिटार आणि गाव होतं कुंभकोणम.

कुंभकोणमला कोणी गिटार घ्यायला जात नाही, हे मला मान्य आहे. लोक देवळांसाठी जातात. जवळच्या स्वामिमलैहून ओतीव मूर्ती आणतात, नाच्चियारकोविलहून पितळी समई आणतात, काहीच परवडलं नाही तर विड्याची पानं आणतात. कॉफीसाठी जातात असंही ऐकलं होतं. पण ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’ ही पाटी तमिळनाडूच्या हमरस्त्यांवर इतक्या ठिकाणी दिसते, की खुद्द कुंभकोणमात पोचेपर्यंत माणसाची झोप उडालेली असते. मी गेलो तो नात्यापोटी. माझ्या मेव्हण्याची सासुरवाडी तिथली. तंजावरी मराठी घराणं. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं, १८५५ साली इंग्रजांनी ते खालसा केलं, पण राजांबरोबर आलेल्या माणसांना ‘आता परत चला’ असं सांगायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. ती माणसं तिथेच राहिली, सांबार खाऊ लागली आणि घरात मराठी बोलत राहिली. ही मराठी आपल्याला नव्वद टक्के समजते. उरलेल्या दहा टक्क्यांत सगळे महत्त्वाचे मुद्दे असतात.

मेव्हण्याच्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. गल्लीत त्यांना ‘रायर’ म्हणतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्यामुळे त्यांचा कोणाच्याही अंदाजावर विश्वास नाही. मी ‘स्टेशनपासून घर जवळच आहे’ म्हणालो तर त्यांनी अंतर मीटरमध्ये सांगितलं. त्यांनी दुरुस्त केलेली एक बारा तारांची गिटार विकायची आहे, हे मला पुण्यातच कळलं होतं. मेव्हण्याने वर बजावलं होतं, “घाईत असाल तर जाऊ नका.”

घरी माझ्याकडे सहा तारांची गिटार आहे आणि तिच्यावर मला जे काही येतं ते ऐकून शेजारी दार लावून घेतात. त्यामुळे ‘सहा कमी पडल्या का?’ हा प्रश्न बायकोने विचारला तो अगदीच अनाठायी नव्हता. मी मिरजेचं उदाहरण दिलं. तिथल्या सतारमेकर गल्लीत तरफांसकट अठरा-वीस तारांची सतार रोज तयार होते आणि कोणी ‘इतक्या कशाला’ म्हणत नाही. त्यावर ती म्हणाली, “ती वाजवणाऱ्यांना देतात.”

काकांचं घर महामहम कुंडाजवळच्या एका गल्लीत. पुढे ओटा, आत चौक, चौकाच्या कडेला साखळ्यांचा सागवानी झोपाळा. झोपाळ्यावर गिटार होती. पाहुणे खाली चटईवर. काकूंच्या जुन्या रेशमी नऊवारीचा अभ्रा तिच्यावर घातला होता, जर बाहेरच्या बाजूला. काकांनी तो अभ्रा अर्धाच बाजूला केला आणि थांबले. पूर्ण दर्शन इतक्यात नव्हतं.

मी विचारलं, “पडदे बदललेत का?”

साधा प्रश्न होता. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात भागणारा. काका झोपाळ्याची साखळी धरून उभे राहिले आणि म्हणाले, “तुम्ही रिक्षातून उतरलात त्या कुंडाभोवती किती मंडप आहेत?” (त्यांची वाक्यं मी इथे पुणेरी करून देतोय. मूळ वाक्यं याहून गोड होती आणि क्रियापदं भलत्याच ठिकाणी होती.) मी अंदाजे दहा-बारा म्हणालो. ‘अंदाजे’ या शब्दाने त्यांना झालेला त्रास स्पष्ट दिसला. मंडप सोळा. ते बांधले गोविंद दीक्षितांनी, तंजावरच्या नायक राजांच्या प्रधानांनी. त्यांचा मुलगा व्यंकटमखी, ज्याने रागांची बहात्तर मेळांत मांडणी केली. त्याच नायकांपैकी रघुनाथ नायकाच्या काळात, सतराव्या शतकात, वीणेचे चोवीस पडदे कायमचे जागेवर बसले, असं मानतात. त्याआधी पडदे हलते होते, रागाप्रमाणे सरकवायचे. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची. तिचे पितळी पडदे मेणात कोळशाची पूड मिसळून बसवतात. मेण म्हणजे कसलं मेण, तर...

काकू कॉफी घेऊन आल्या तेव्हा आम्ही मेणापाशी होतो. त्यांनी पितळी डबऱ्यात पेला ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मंडप झाले का?” मी मान हलवली. “मग अजून वेळ आहे,” म्हणून त्या आत गेल्या.

पडदे बदलले होते. हे मला दुसऱ्या पेल्याच्या सुमारास कळलं.

गिटार सापडली ती मायावरमच्या एका पडक्या वाड्याच्या माळ्यावर. तारा पाच उरल्या होत्या, खुंट्या नऊ, आणि मान पुढे इतकी वाकली होती की तारा आणि पडदे यांच्यामधून करंगळी आरपार जायची. आतली चिठ्ठी कसरीने खाल्लेली. काकांच्या मते गिटार जर्मन. मला ती कलकत्त्याची वाटली, कारण चिठ्ठीच्या उरलेल्या कोपऱ्यात तीन अक्षरं होती आणि त्यांतलं एक बंगाली वळणाचं होतं. मी तसं सुचवलं. काका म्हणाले, “जर्मन माणूस कलकत्त्यात असेल.” वाद मिटला.

मान वाकण्याचं कारण त्यांनी मला हवेत आकडे लिहून दाखवलं. साध्या सहा तारांच्या गिटारीवर सगळ्या तारांचा मिळून ताण सत्तर-पंचाहत्तर किलोच्या आसपास असतो. बारा तारा चढवल्या की तो शंभराच्या वर जातो. वरची फळी असते जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. म्हणजे शंभर किलोंचं ओझं अहोरात्र त्या फळीला ओढत असतं आणि मालक गिटार माळ्यावर टाकून मुलाकडे अमेरिकेला गेलेला असतो. फळी फुगते, घोडी उचकटते, मान झुकते. गिब्सन कंपनीने मानेत लोखंडी सळई घालून ती पेचाने सरळ करायची युक्ती १९२० च्या दशकात काढली, पण ही युक्ती आमच्या कलकत्त्यातल्या जर्मनापर्यंत पोचलेली नव्हती. म्हणून मान मुळापासून उपटून पुन्हा बसवणं एवढाच उपाय.

इथे काकांचा आवाज खाली आला. त्यांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली.

जुन्या वाद्यांचे सांधे सरसाने चिकटवलेले असतात आणि सरसाचा मोठा गुण असा की उष्णता आणि वाफ मिळाली की तो सोडतो. म्हणून तर शंभर-शंभर वर्षांची वाद्यं उघडून पुन्हा जोडता येतात. त्यासाठी सांध्यावरचा एक पडदा काढायचा, त्या खाचेत बारीक भोक पाडायचं आणि आत वाफ सोडायची. जगभरचे कारागीर असंच करतात. वाफ कुठून आणायची हा ज्याचा त्याचा प्रश्न. काकांनी ती काकूंच्या कुकरमधून आणली. शिट्टी काढली, तिथे रबरी नळी लावली, नळीला फुगे फुगवायच्या पंपाची सुई लावली आणि एकादशीचा मुहूर्त धरला, कारण त्या दिवशी कुकर मोकळा असतो. काकू देवळात गेल्या होत्या. मान निघाली. कुकरची शिट्टी मात्र त्यानंतर कधीच पूर्वीसारखी बसली नाही. ती आजही तीनऐवजी अडीच होते.

“आणि सरस कशाचा करतात ते तिला ठाऊक नाही,” काका आणखी हळू म्हणाले. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा. एवढंच नव्हे. तारा मानेच्या टोकाशी ज्या पट्टीवरून जातात, ती बारा खाचांची पांढरी पट्टीही उत्तम हवी असेल तर हाडाचीच लागते, कारण प्लास्टिकवर स्वर मरतो. ही पट्टी त्यांनी बाहेर ओट्यावर बसून, अंगावर जुना पंचा घेऊन, कानशीने घासली आणि मग विहिरीवर अंघोळ करून घरात आले. काकूंना सांगितलं की हे मुंबईहून मागवलेलं भारी प्लास्टिक आहे. इतक्या सोवळ्या घरात इतकी वर्षं लपवलेली गोष्ट त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितली, यावरून दुरुस्ती करणाऱ्या माणसाला श्रोत्याची किती तहान लागलेली असते ते समजावं. हे कोणाला तरी सांगता यावं म्हणून ते ती विकत होते, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

खुंट्यांची गंमत वेगळी. तीन गेलेल्या खुंट्यांच्या मुंड्या मिळेनात, तेव्हा त्यांनी समया ओतणाऱ्या एका कारागिराकडून पितळेच्या ओतून घेतल्या. कारागिराला नमुना दिला होता; पण हाताला सवय समईची. त्यामुळे त्या तीन मुंड्यांच्या टोकाला छोटे छोटे हंस आले आहेत. नाच्चियारकोविलच्या समईवर असतो तसाच हंस. गिटार मिळवताना बोटांत हंसाची चोच टोचते आणि स्वर कुठे थांबवायचा ते कळतं.

मग तो प्रश्न आला, जो असल्या घरात येणारच. मी नुसतं म्हणालो की कावेरीकाठी गिटार पाहून गंमत वाटली. काका एकदम ताठ झाले. “व्हायोलिन कुठलं?” त्यांनी विचारलं. मग आम्ही सरफोजीराजांच्या दरबारात गेलो. १७९८ ते १८३२ हा त्यांचा काळ. राजे मराठी, ग्रंथसंग्रह जगातला, आणि राजवाड्यात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड. मुत्तुस्वामी दीक्षितांचे धाकटे भाऊ बालुस्वामी मद्रासला गोऱ्या वादकाकडून व्हायोलिन शिकले. तंजावरच्याच चार भावांपैकी वडिवेलूंना त्रावणकोरच्या स्वातितिरुनाळ महाराजांनी १८३४ साली हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं. “आज व्हायोलिनशिवाय आमची कचेरी, म्हणजे मैफल, उभी राहते का? कोणी म्हणतं का ते परदेशी? मराठी राजाच्या दरबारात त्याला पाट मिळाला म्हणून. गिटारीला जरा उशीर झाला एवढंच.”

“दोनशे वर्षं,” मी म्हणालो.

“१८३२ पासून धरलं तर दोनशे झालेली नाहीत.” भूमापन खातं.

मी मॅन्डोलिनचा मुद्दा काढून पाहिला. मॅन्डोलिनला मुळात आठ तारा, चार जोड्या. यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतासाठी ते वाद्य हाती घेतलं तेव्हा जोड्या काढून टाकल्या आणि पाच सुट्या तारांवर सगळं जग जिंकलं. म्हणजे आपल्या मातीत आलं की वाद्याच्या तारा कमी होतात. तुम्ही उलट बाराकडे निघालात. काका बराच वेळ गप्प राहिले. मला वाटलं, जिंकलो. मग ते म्हणाले, “ते थोर होते. त्यांना कमी पुरायच्या.”

अखेर अभ्रा पूर्ण निघाला. मी गिटार मांडीवर घेतली. खरं सांगायचं तर ती सुंदर होती. वरच्या फळीचा रंग जुन्या मधाचा, नवी शिसवी घोडी इतकी चोख बसलेली की नख घालायला फट नाही, आणि घोडीच्या मागे पितळी पट्टी, जिच्यात बारा तारा अडकवलेल्या. तारांचा ओढा फळीवर सगळाच्या सगळा पडू नये म्हणून ही पट्टी. जुन्या स्वस्त अमेरिकन गिटारींना अशी असे. लेडबेली नावाचा कैदी गवई तसलीच बारा तारांची ‘स्टेला’ वाजवायचा, स्वर खूप खाली उतरवून. टेक्ससच्या गव्हर्नरला त्याने तुरुंगात गाणं ऐकवलं आणि १९२५ साली माफी मिळवून बाहेर पडला. ही गोष्ट काकांनी मोठ्या रंगात सांगितली. आतून काकूंचा आवाज आला, “त्याला गिटारीमुळे सुटका मिळाली. मला गिटारीपासून कधी मिळणार?”

मी तारा मिळवायला घेतल्या, आणि हळूहळू लक्षात आलं की ही गिटार नव्हे, हे बारभाईंचं कारस्थान आहे.

बारा तारा म्हणजे सहा जोड्या. खालच्या चार जोड्यांत एक तार जाड आणि दुसरी बारीक, एका सप्तकाने वर. वरच्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच स्वराच्या, तंबोऱ्याच्या जोडीसारख्या. कागदावर सोपं आहे. नारायणरावांच्या खुनानंतर १७७३-७४ साली पुण्यात जे मुत्सद्दी एकत्र आले त्यांचंही कागदावर सोपंच होतं: राघोबादादा नकोत. बाकी प्रत्येकाचं मत वेगळं. इथेही तसंच. एकाला ताण दिला की मान केसभर झुकते आणि आधी मिळवलेल्या पाच नाराज होतात. तिसऱ्या जोडीतली बारीक तार वाद्यातली सगळ्यात उंच स्वराची. जाडी एका मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकी. तिला हात लावताना काका डोळे मिटून घेत. कारस्थान फुटलं की आधी तीच फुटते. आणि दुसरी जोडी म्हणजे साक्षात बारभाईंतले सखारामबापू. ‘जी’ कॉर्डमध्ये गोड मिळवून घ्या, ‘ई’ कॉर्डमध्ये ती तुम्हाला ओळख दाखवत नाही. ‘ई’त राजी करा, ‘जी’त रुसते. दोन्हीकडे पत्रव्यवहार चालू.

यंत्र लावून मी बाराच्या बारा तारा काट्यावर आणल्या. अगदी नेमक्या. छेडलं, तर स्वर स्वच्छ होता आणि नीरस. काका हसले. त्यांनी पुढे होऊन एकेका जोडीतली एक तार हंसाची चोच धरून किंचित, अगदी किंचित हलवली. आता छेडलं तेव्हा स्वर थरथरला, चौकभर पसरला. जोडीतल्या दोन तारा तंतोतंत सारख्या नसल्या की त्यांच्यात मंद लहरी उठतात आणि बारा तारांची जी काही जादू म्हणतात ती त्या लहरींत असते. हा फरक किती असावा, ते मोजणीच्या खात्यात हयात घालवलेल्या माणसाने कशानेही मोजलं नव्हतं. मी विचारलं, “किती?” ते म्हणाले, “अंदाजाने.” आणि स्वतःच चपापले.

“आता काहीही वाजवा,” ते म्हणाले, “फक्त ते ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ नको.” ईगल्सचं १९७६ सालचं ते गाणं बारा तारांच्या गिटारीवरच सुरू होतं, आणि माझ्या आधी ही गिटार पाहायला आलेल्या तिरुच्चीच्या, तंजावरच्या सगळ्या मुलांनी झोपाळ्याशेजारी बसून तेच वाजवलं होतं. काकांनी त्यांना विकली नाही. माझी बोटं त्याच गाण्याच्या पहिल्या कॉर्डवर बसली होती. ती मी जागच्या जागी वळवली आणि ‘इळय निला’च्या सुरुवातीचे चार स्वर काढायचा प्रयत्न केला. इळयराजांचं १९८२ सालचं गाणं. त्यातली गिटार तमिळ माणसाच्या काळजात आहे. स्वर चुकले, पण निवड बरोबर होती. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते स्वर ऐकून आलं की माझी बोटं पाहून, ते विचारण्याची वेळ नव्हती.

मी संधी साधून किंमत विचारली.

कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर श्रीनिवास रामानुजन यांचं घर आहे. आता तिथे संग्रहालय आहे, सकाळीच पाहून आलो होतो. रामानुजन वहीत नुसती उत्तरं लिहीत, सिद्धता देत नसत. जगभरचे गणिती पुढे कित्येक दशकं त्या सिद्धता शोधत बसले. त्याच गावात काका मला नुसती सिद्धता देत होते. लाकडाला इतके. पितळी पट्टीला इतके, पण कारागीर ओळखीचा. पडद्यांची तार मद्रासहून. तारांचे तीन संच तुटले, त्यांतला एक माझ्या म्हणजे त्यांच्याच चुकीने, तो धरायचा नाही. श्रम धरायचे नाहीत, श्रमांचे पैसे घेतले तर ते सरकारी होतात. वेळ धरायचा नाही. मग मायावरमचा रिक्षावाला. सिद्धता सुंदर चालली होती. उत्तराचं मात्र नाव नाही. मी आकडा सुचवला तर म्हणाले, “पैशांचं काय एवढं.” याचा अर्थ कमी आहे की जास्त, हे त्या दहा टक्क्यांत होतं.

शेवटी स्वयंपाकघराच्या दारात काकू आल्या. पदराला हात पुसले. “अठरा हजार,” त्या म्हणाल्या, “आणि पाच लिटरचा एक कुकर. नवा. इथल्या दुकानातून, आजच.”

काका अवाक् झाले. “कुकरचा काय संबंध?”

“एकादशीला मी देवळातून लवकर परतले होते,” काकू म्हणाल्या. “आणि ते भारी प्लास्टिक कसलं आहे तेही मला ठाऊक आहे. झोपाळा मी त्याच दिवशी धुऊन घेतला.”

इतका स्वच्छ सौदा मी जुन्या बाजारात कधी केलेला नाही. घासाघीस करायची मला इच्छाही झाली नाही. कुकर घ्यायला काका स्वतः माझ्याबरोबर आले आणि दुकानात त्यांनी झाकण लावून, उचलून, खाली ठेवून इतकी तपासणी केली की दुकानदाराला वाटलं, हे यातून काहीतरी वाजवणार आहेत. रात्री जेवायला रसवांगी होती आणि पिठलं होतं. आपलं पिठलं आणि हे यांत तितकाच फरक होता जितका त्या जोडीतल्या दोन तारांत. भात नव्या कुकरचा नव्हता. काकूंनी खोकं तसंच फडताळात ठेवलं.

निघताना तारा सैल करून घेतल्या, कारण प्रवासात ताण नको. काकांनी चार पानी सूचना लिहून दिल्या. गिटार नेहमी एक पूर्ण स्वर खाली मिळवावी आणि दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावावा, मानेचं आयुष्य वाढतं. भिंतीवर टांगू नये. खिडकीजवळ ठेवू नये. पाहुण्यांना देऊ नये. पाहुणे कोण, याची वेगळी यादी. चोळन एक्सप्रेसमध्ये चेन्नईपर्यंत समोरच्या आजींनी ‘वीणा का?’ असं विचारलं आणि ‘नाही’ म्हटल्यावर त्यांचा चेहरा इतका पडला की पुढच्या स्टेशनवर चढलेल्या गृहस्थांना मी ‘हो’ म्हणून सांगितलं. त्यांनी नमस्कार केला. गिटारीलाच.

खरी अडचण पुण्यात आली. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांमधल्या दमट हवेत वाढलेलं लाकूड पुण्याच्या एप्रिलमध्ये आकसू लागतं. गिटारीला हवेत पन्नासेक टक्के आर्द्रता लागते. आमच्याकडे दुपारी तीनला तेवढी फक्त फ्रिजमध्ये असते. काकांनी आर्द्रतामापक पाठवला आणि दर शुक्रवारी फोन करायला सुरुवात केली. आधी आकडा सांगायचा. मग स्पीकर चालू करून सहाही जोड्या एकेक करून ऐकवायच्या. सातशे मैलांवरून ते सांगतात की चौथी जोडी उतरली आहे, आणि ती उतरलेली असते. पैसे माझे गेले, पावती माझ्याकडे आहे, गिटार माझ्या घरात आहे. पण ती उद्या विकायची झाली तर मी ती विकू शकेन असं मला वाटत नाही, कारण गिऱ्हाइकाला मंडपांपासून सुरुवात करून सगळं सांगावं लागेल आणि मला अजून मेणाचा भाग नीट येत नाही.

परवाच्या शुक्रवारी मात्र फोन काकांच्या आधी काकूंचा आला. आवाज दबका होता, मागे नळ सोडलेला ऐकू येत होता.

“ते अंघोळीला गेलेत. नीट ऐका. काल तंजावरहून एक पायपेटी आणली आहे. भाता फाटलेला, अर्ध्या पट्ट्या नाहीत, आत उंदरांचं घर. आता भात्याला कातडं लागेल, कुठून आणणार ते मला सांगायला नको. तुमच्या पुण्यात पेटी वाजवणारे पुष्कळ ना? एखादा आतापासूनच बघून ठेवा. कुकर नको. या वेळी मिक्सर.”